गणिताच्या तासाला ‘इसा’ हवा

मेळघाटातल्या शाळांसाठी कोरकू आकड्यांचे तक्ते करायचे म्हटलं की ते सहसा दहावर थांबतात. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई, तुरुई, एई, इलार, आरेई, गेल. शेजारी मराठी एक ते दहा आणि चित्रं. तक्ता भिंतीवर लागला की मातृभाषेचं काम झालं असं धरलं जातं आणि अकरापासून वर्ग मराठीत चालू होतो. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. कोरकूची खरी गरज दहाच्या पुढे आहे, विशेषतः वीस ते नव्व्याण्णव या टप्प्यात. तिथलं गणित पहिली-दुसरीतल्या कोरकू मुलांना आधी कोरकूत, कोरकूच्याच रचनेने शिकवलं पाहिजे. मराठी संख्यानामांची पाळी त्यानंतर.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. संताली, मुंडारी, हो या तिच्या बहिणी झारखंड-ओडिशाकडे राहिल्या आणि कोरकू पार पश्चिमेला, सातपुड्यात. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके, आणि पलीकडे मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर हा तिचा मुलूख. २०११च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या वर होते. म्हणजे भाषा अगदी चिमुकली नाही, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही, आणि ज्या राज्यांत ती बोलली जाते तिथे शाळेची भाषा मराठी किंवा हिंदी असते. मराठीशी तिचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. कोरकू मुलासाठी मराठी ही बोलीपासून प्रमाणभाषेकडे जाणारी पायरी नसते. ते दुसरंच घर असतं.

आता मोजणी. कोरकूत विसाला ‘इसा’ म्हणतात आणि पुढचे आकडे विसाविसाने चढतात. तीस म्हणजे इसा आणि गेल. चाळीस म्हणजे बारी इसा, साठ म्हणजे आफई इसा, ऐंशी म्हणजे उफून इसा. मधले विषम दशक आले की शेवटी एक गेल जोडायचा: पन्नास म्हणजे दोन इसा आणि गेल, सत्तर म्हणजे तीन इसा आणि गेल. उच्चार आणि जोडणीची पद्धत गावागणिक थोडी बदलते, पण चौकट हीच. शंभराला आता बहुतेकांच्या तोंडी उसना शब्दच असतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘तीन विसा न् पाच’ असा पासष्टचा हिशेब सांगणारी माणसं आपल्याकडे खेड्यापाड्यांत होती, अजूनही सापडतात. ‘पाच विसा शंभर’ हा त्यांचाच हिशेब. बाजारात कोडी म्हणजे वीस नग. फ्रेंच माणूस आजही ब्याण्णवला ‘चार विसा बारा’ म्हणतो आणि त्यावाचून फ्रान्समधलं गणित अडलेलं नाही. तेव्हा विसांची मोजणी मागासलेली आणि दहांची पुढारलेली, हा समज आधीच बाजूला ठेवलेला बरा.

अडचण कुठे आहे ते पाहू. लिहिण्याची पद्धत दहांची आहे, कोरकू बोलण्याची पद्धत विसांची आहे आणि मराठी संख्यानामांची पद्धत तिसरीच आहे. मराठीत ‘दोन’ हा अंक शंभराच्या आत किती रूपं घेतो बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. शिवाय बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र पाच आधी. एकोणचाळीस ऐकताना कानावर चाळीस पडतं, पाटीवर तीन लिहायचा असतो. एकोणनव्वदपर्यंत हा ‘एक उणे’चा नियम पाळायचा आणि नव्व्याण्णवला तो मोडायचा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचीही यात दमछाक होते. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं जोडवाचन आलं ते त्यामुळेच. २०१९ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला, थेट विधानसभेपर्यंत. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या, हे पुस्तक करणाऱ्या बालभारतीच्या गणित समितीने मांडलेला मुद्दा साधा होता: संख्येचं नाव आणि तिची मांडणी यांत मेळ असला तर मूल लवकर शिकतं. त्या वेळी भाषाशुद्धीवर, परंपरेवर पुष्कळ बोललं गेलं, पण तो सगळा वाद मराठी घरांतल्या मुलांच्या अंगाने झाला. तोच मुद्दा धारणीच्या पहिलीच्या वर्गाला लावला तर तो कितीतरी धारदार होतो.

कारण बावन्न चिंचोके समोर असलेल्या कोरकू मुलाच्या हाती घरचा हिशेब आहे तो असा: दोन इसा, एक गेल आणि बारी. म्हणजे २०, २०, १० आणि २. शाळा त्याच्याकडून मागते ‘बावन्न’ हा शब्द, ज्यात त्याला ना पाच ऐकू येतो ना दोन, आणि ५२ हे लेखन, ज्यातला पाच त्याच्या बोलण्यात कुठेच नाही. या मुलाला गणित येत नाही असा शेरा मारण्याआधी त्याच्याकडून आपण एकाच वेळी भाषा बदलून घेतोय, मोजणीचा पाया बदलून घेतोय आणि उलटी वाचायची संख्यानामंही पाठ करून घेतोय, हे मान्य करायला हवं. बारीक अडथळे वेगळेच. मराठीतला ‘बारा’ आणि कोरकूतला ‘बारी’ यांच्यात एका स्वराचं अंतर आहे आणि किमतीत दहाचं. घाईत बोलणाऱ्या शिक्षकाचा बारा मुलाच्या कानाला दोन वाटू शकतो.

एका दृष्टीने मात्र कोरकू मूल मराठी मुलापेक्षा सोयीच्या जागी उभं आहे. त्याच्या भाषेत संख्येचे भाग जसेच्या तसे ऐकू येतात, मोठा भाग आधी आणि छोटा मागून, म्हणजे लिहिण्याच्याच क्रमाने. गेल हा तर तयार दशकच आहे. विसाच्या आत कोरकू मोजणी आणि दशमान लेखन यांत कुठेही भांडण नाही. भांडण विसाच्या पुढे सुरू होतं आणि तेही एकाच ठिकाणी: इसा म्हणजे दोन दशक. ही एक गाठ सोडवली की बाकी सगळं सरळ आहे.

ती सोडवायची कशी, हे सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच चांगल्या हेतूने केलेले प्रयत्न फसतात. लागतात त्या शंभर काड्या आणि दोन रंगांची सुतळी. दहा काड्यांची जुडी पिवळ्या सुतळीने बांधायची, तिचं नाव गेल. दोन जुड्या एकत्र करून लाल सुतळीने बांधायच्या, त्यांचं नाव इसा. लाल सुतळी सोडली तरी आतल्या पिवळ्या जुड्या सुटता कामा नयेत, कारण सगळा धडा त्या दोन जुड्या दिसण्यात आहे. आधी फक्त बोलायचं. शिक्षकाने वेगवेगळ्या जुड्या आणि सुट्या काड्या मांडायच्या, मुलांनी कोरकूत संख्या सांगायची. मग उलट, शिक्षकाने संख्या सांगायची आणि मुलांनी काड्या मांडायच्या. हे हातात बसेपर्यंत पाटी-पेन्सिल बाहेर काढायची नाही. त्यानंतर बावन्न मांडून लाल सुतळ्या सोडवायच्या आणि पिवळ्या जुड्या मोजायच्या: मोनोई गेल, बारी. पाच जुड्या, दोन सुट्या. आता लिहायचं ५२. मुलाला पहिल्यांदा पाच ‘दिसतो’ तो इथे. त्यापुढे एकेका इसाचे दोन गेल हे मनातल्या मनात करता येऊ लागलं की सुतळीची गरज संपते. ‘बावन्न’ हा मराठी शब्द सगळ्यात शेवटी येतो, लिहिलेल्या ५२चं नाव म्हणून. आणि मधला पूल म्हणून ‘पन्नास दोन’ हे वाचन, ज्याची २०१९ मध्ये थट्टा झाली, इथे फार कामाचं आहे.

घाई केली तर काय होतं तेही ठरलेलं आहे. जुड्यांचा टप्पा गाळून थेट लिहायला लावलं, की मूल ऐकेल तसं लिहितं: दोन इसासाठी ४०, गेलसाठी १०, मग २, सगळं शेजारीशेजारी. हा मठ्ठपणा नाही. फ्रेंच मुलं ब्याण्णवच्या बाबतीत आणि इंग्रजी मुलं ‘शंभर पाच’ला १००५ लिहून हीच चूक करतात. दुसरी चूक शिक्षकांकडून होते. गणित सोपं करायचं म्हणून कोरकूतही दहाच्या पटीतले नवे शब्द पाडायचे, म्हणजे पन्नासला सुरुवातीपासूनच ‘मोनोई गेल’ म्हणायचं आणि इसा वगळायचाच. संतालीत विसासाठी ‘बार गेल’ (दोन दहा) आणि ‘इसि’ अशा दोन्ही रीती आहेत, मग इथे काय हरकत, असं विचारलं जातं. हरकत अशी की पूल बांधण्याऐवजी आपण एक काठच पुसून टाकतो. मूल घरी जाऊन आजीला ‘मोनोई गेल’ म्हणेल, आजी ‘बारी इसा गेल’ म्हणेल, आणि शाळेची कोरकू हीसुद्धा एक परकी भाषा होऊन बसेल. ‘मोनोई गेल’ ही उकलून दाखवण्याची पायरी आहे, संख्येचं नाव नव्हे.

तिसरी चूक भाषांतराची. कोरकूत सजीवांच्या नामांना एकवचन आणि अनेकवचन यांखेरीज द्विवचनही आहे: एक कुत्रा सिटा, दोघे सिटाकिंग, त्याहून जास्त सिटाकू. मराठी पुस्तकातलं ‘२ कुत्रे’ शब्दशः उतरवताना अनेकवचनाचं रूप घातलं की पाच वर्षांच्या कोरकू मुलालाही ते खटकेल. वस्तूंना हा नियम लागू नाही. म्हणून पहिल्या पानांवर प्राणी न घेता बिया, काड्या, पानं घ्यावीत, आणि दोन ही संख्या शिकवताना मात्र मुद्दाम प्राणी आणि माणसं घ्यावीत. ‘दोन’पणा ज्या भाषेच्या व्याकरणातच आहे, तिथे जोडी आणि सम-विषम या कल्पना शिकवायला याहून चांगला आधार कुठला?

यावर पहिला आक्षेप येतो तो बाजाराचा. धारणीच्या बाजारात कोरकू बाई हिंदी किंवा मराठीतच भाव करते, पैसे दहा-वीस-पन्नास-शंभराच्या नोटांत असतात, मग विसांची मोजणी कुणाच्या कामाची? आक्षेपात तथ्य आहे. मोठे आकडे कोरकू बोलण्यातूनही हळूहळू उसने होत चालले आहेत. पण हे कसं घडतं ते लक्षात घेतलं पाहिजे. संख्यानामं वरून खाली गळतात. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात बोलल्या जाणाऱ्या निहालीत स्वतःचे म्हणावेत असे आकडे जेमतेम चारपर्यंत उरले आहेत, त्यातलेही द्राविडी वळणाचे, आणि पाचपासून आर्यभाषांतले. गोंडीच्या कितीतरी बोलींत सातनंतर उसने शब्द लागतात. कोरकूची वरची पायरी डळमळू लागली आहे, खालच्या शाबूत आहेत. दहापर्यंतचा तक्ता लावून थांबणारी शाळा या गळतीला नकळत हातभार लावते. ती मुलांना सांगते की तुमची भाषा दहापर्यंतच चालते, पुढचं काम आमचं. शिवाय ज्या कामांतून या भागात पैसा येतो तीही पाहा. मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याची गड्डी पन्नास पानांची असते आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. दोन इसा आणि एक गेल पानं म्हणजे एक गड्डी. याहून जवळचं, रोजच्या कामातलं उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मेळघाटातला वर्ग नुसता कोरकू नसतो. गवळी, गोंड, निहाल घरांतलीही मुलं त्यात असतात, शिक्षक बहुधा बाहेरून बदलीने आलेले असतात आणि पालकांना मुलांनी मराठी, जमलं तर इंग्रजी, लवकर शिकावं असं वाटत असतं. पालकांची ही इच्छा अगदी योग्य आहे आणि तिला बगल देणारी कुठलीही योजना टिकणार नाही. म्हणूनच आमची मागणी मर्यादित आहे: पहिली आणि दुसरी, गणिताचा तास, नव्व्याण्णवपर्यंत. मराठी शिकवण्याचा एकही तास त्यातून कमी होत नाही. शिक्षकाला कोरकू अस्खलित यावी लागत नाही. दहा आकडे, एक इसा आणि किती, जास्त, कमी, मिळवा, काढा असे पंधरा-वीस शब्द पंधरवड्यात येतात. जिथे तेही जमत नाही तिथे गावातली बारावी झालेली कोरकू मुलगी तासाला बसवावी आणि तिला मानधन द्यावं. विनामूल्य सेवा म्हणून हे चालणार नाही. इतर घरांतल्या मुलांचं नुकसान होतं का? लाल-पिवळ्या जुड्यांनी स्थानिक किंमत मराठी मुलालाही कळते.

अशा प्रयत्नांचा दाखला म्हणून अलास्कातल्या काक्टोविकचं नाव घेतलं जातं. तो दाखला पूर्ण समजून घ्यायला हवा. आर्क्टिक किनाऱ्यावरच्या त्या इन्युपियाक गावात १९९४ मध्ये शाळेतल्या मुलांच्या लक्षात आलं की त्यांची भाषा विसांत मोजते आणि दहा अंकांत ती मोजणी लिहिता येत नाही. त्यांच्या भाषेत विसाच्या आत पाचाचे टप्पे आहेत, आणि नऊ, चौदा, एकोणीस हे आपल्या एकोणिसासारखेच ‘एक कमी’ म्हणून सांगतात. शिक्षक विल्यम बार्टली यांच्या मदतीने मुलांनी वीस नवे अंक रचले: एककाच्या रेघा खाली, चारपर्यंत, आणि पाचाच्या आडव्या रेघा वर, तीनपर्यंत. सात म्हणजे वर एक रेघ, खाली दोन. एकोणीस म्हणजे वर तीन, खाली चार. नुसत्या रेघा एकत्र करून बेरीज दिसते. त्यांनी त्याला साजेशी मणीपाटीही बनवली. १९९८ मध्ये इन्युइट परिपोलर परिषदेने, म्हणजे आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांच्या संघटनेने, या अंकांची शिफारस केली आणि २०२२ मध्ये ते युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत आले. त्या शाळेचे गणिताचे गुणही वाढले. पण शाळा इवलीशी होती, आणि एवढ्या थोड्या मुलांच्या गुणांवरून सिद्धांत मांडता येत नाही. शिवाय पुढे प्रमाणित परीक्षांचा जोर वाढला तसा या अंकांचा वर्गातला वापर मागे पडला. आम्ही त्यातून घेतो ते एवढंच: मुलांना आपल्या मोजणीची रचना उमगली तेव्हा त्यांनी तिच्याशी बरोबरीने खेळायला सुरुवात केली. नवे अंक मात्र कोरकूला नकोत. इसा दहाच्या दोन पटीत चपखल बसतो, देवनागरी अंक मुलांना पुढे लागणारच आहेत, आणि वेगळी अंकलिपी म्हणजे आधीच तीन ओझी असलेल्या पाठीवर चौथं.

जवळचा धडा ओडिशातला आहे. तिथे २००६-०७च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, त्यात सावरा होती. सावराची मोजणी आणखी गुंतागुंतीची आहे: बारापर्यंत स्वतंत्र, तेरा म्हणजे बारा आणि एक, एकोणीस म्हणजे बारा आणि सात, मग वीस, आणि पुढे पुन्हा विसात बारा. एकोणचाळीस म्हणजे वीस, बारा आणि सात. तिथे गेलसारखा दशकाचा पूल बोलण्यात उपलब्धच नाही. तरीही त्या भाषेत पुस्तकं होऊ शकतात, तर कोरकूत न होण्याचं तांत्रिक कारण उरत नाही.

कायद्याचं कारण तर नाहीच. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषा हेच माध्यम धरतं. २०२०चं शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं.

कामाला सुरुवात करायची तर आधी संख्यानामं नीट गोळा करावी लागतील आणि इथे ‘बावन्नला काय म्हणता?’ असं विचारणं सगळ्यात वाईट. अशा प्रश्नाला उत्तर म्हणून भाषांतर मिळतं, किंवा थेट हिंदी आकडा. त्याऐवजी चिंचोक्यांचे ढीग ठेवावेत, आणि तेही उंबरठ्यावरच्या संख्यांचे: ११, १९, २०, २१, ३०, ३९, ४०, ४१, ५९, ६०, ९९, १००. बोलणाऱ्याने स्वतः मोजावं. वस्तू, जनावरं, माणसं आणि पैसे वेगवेगळे मोजायला द्यावेत, कारण पैशांच्या बाबतीत माणूस लवकर उसन्या आकड्यांकडे वळतो. कोणत्या संख्येला तो वळला, ती नोंद शब्दांइतकीच मोलाची. गुरं राखणारे आणि वयस्क बाया यांना वगळून फक्त शिकलेल्या तरुणांकडून यादी घेतली तर ती अर्धवट राहील. आणि धारणीकडचा उच्चार आणि चिखलदऱ्याकडचा उच्चार यांत एकाला ‘शुद्ध’ ठरवू नये. पुस्तकात एक छापावा, शिक्षक-पुस्तिकेत दोन्ही द्यावेत, वर्गात गावचा चालावा.

शेवटची गोष्ट मूल्यमापनाची, कारण बाकी सगळं केलं आणि ही राहिली तर ते वाया जातं. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या उद्दिष्टांत पहिलीच्या अखेरीस मुलाने ९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात असं आहे. इसाचं काम असलेला टप्पा हाच. तपासणीला आलेला अधिकारी ७४ दाखवून ‘वाच’ म्हणतो आणि ‘चौऱ्याहत्तर’ ऐकू आलं नाही की फुली मारतो. मुलाने तीन इसा, गेल, उफून असं कोरकूत सांगितलं, किंवा सात पिवळ्या जुड्या आणि चार काड्या मांडल्या, तर ते बरोबर उत्तर आहे. तसं निकषपत्रकात लेखी नमूद व्हायला हवं, आणि मराठी नावासाठी दुसरीच्या अखेरपर्यंतचा वेळ द्यायला हवा.